बैल बसला तर बसू द्या

गेल्या मे महिन्यात, मुलांच्या उन्हाळी शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, पाचवीतल्या एका मुलीचा बैल बसला. बेंदराला दारात पुजतात तसला बैल तिला करायचा होता. शाडूचा गोळा मळून तिनं धड केलं, वशिंड चिमटीत धरून वर ओढलं, शिंगांना सुरेख बाक दिला. पाय मात्र चित्रात काढतात तसे, काडीएवढे बारीक वळले. धडाला चिकटवून बैल पाटावर उभा केला आणि हात काढला. बैल पुढच्या पायांवर हळूहळू खचला आणि नाक टेकून थांबला. तिनं परत उभा केला, परत टेकला. तिसऱ्यांदा एक पाय मोडूनच हातात आला.

माझ्या शेजारी मदतीला असलेला मुलगा पिशवीतून तार काढायला लागला. पायात तार घातली की बैल उभा राहतो, यात काही चूक नाही. मोठे शिल्पकारही आतून सांगाडा घालतातच. पण मी त्याला थांबवलं. ती पोर सात-आठ मिनिटं नुसती बघत बसली होती. मग म्हणाली, "सर, ह्याला बसवूच का? दमलाय तो."

बसवायचा तर बैल बसतो कसा ते माहीत पाहिजे. तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मामाच्या गोठ्यात जाऊन बघून आली आणि मला सांगायला लागली, की आधी पुढचे पाय दुमडून गुडघ्यावर येतो, मग मागचं अंग टेकवतो आणि मागचे पाय एका अंगाला घेतो. हे सांगताना ती स्वतः पाटाशेजारी तशी बसून दाखवत होती. त्या दिवशी तिनं केलेला बैल ओबडधोबड होता, मान जरा आखूड होती, पण अंगाचा सगळा भार जमिनीवर टाकून रवंथ करणारा तो खरा बैल होता. चाळीस वर्षं माती हाताळलेल्या माणसालाही त्याच्याकडे दोनदा बघावंसं वाटलं असतं.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. पलीकडच्या टेबलावर एकाच साच्यातून काढलेले, एकाच सोनेरी रंगाचे गणपती ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकापुढे मुलाच्या नावाची चिठ्ठी होती. पालकांची गर्दी तिथं. या बैलापाशी त्या मुलीची आई आली आणि अगदी मनापासून, काळजीनं विचारलं, "सर, हिचा उभा का नाही राहिला?" मी जमेल तसं सांगितलं. संध्याकाळी आवराआवर करताना शिबिर भरवणाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी सगळ्यांना साच्याचंच काम द्या, म्हणाले. लोक पैसे भरतात, घरी न्यायला काहीतरी नीट दिसलं पाहिजे. त्या शिबिराचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हे दुखणं एकट्या त्या शिबिराचं नाही. आणि ते बोलले ते खोटंही नाही. आठ दिवसांची फी घेतली की आठव्या दिवशी वस्तू दाखवावी लागते. वस्तू दाखवायची तर मुलाच्या हातावर विसंबून चालत नाही. मग साचा येतो, तार येते, रात्री बसून मास्तरच कान-डोळे सफाईनं कोरतो. चित्राच्या वर्गात हेच होतं. कडेच्या रेषा मास्तर काढून देतो, मूल आत रंग भरतं आणि घरच्या भिंतीवर ते 'आमच्या बाळाचं चित्र' म्हणून लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की मातीकाम आणि चित्र शिकवणं उन्हाळी शिबिरांच्या भरवशावर सोडणं आता आपण थांबवलं पाहिजे. ते शाळेच्या वेळेत, फीशिवाय, महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतही झालं पाहिजे आणि मातीचा तास कुंभारानं घेतला पाहिजे. शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. मी स्वतः त्यांत शिकवतो, पुढेही शिकवीन. पण ज्या कोल्हापूरला आपण अभिमानानं कलापूर म्हणतो, त्या गावातल्या मुलाला मातीला हात लावायला मिळणार की नाही हे आईबापाच्या खिशावर ठरावं, हे मला सहन होत नाही.

कलापूर हे नाव आपल्याला फुकट मिळालेलं नाही. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून परत आले आणि पुढची सारी वर्षं कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ रंगवत राहिले. त्यांच्या पाठीशी शाहू महाराजांचा दरबार होता. त्याच शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बाबूराव पेंटर (1890–1954) तर मेस्त्री घराण्यातले. कलाशाळेत गेले नाहीत. हातातल्या कामातूनच शिकले, चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत नाटकांचे पडदे रंगवले, पुतळे घडवले, चित्रपट काढायचा म्हटल्यावर कॅमेराही गावातच तयार केला. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसांनी 1929 साली इथंच प्रभात फिल्म कंपनी उभी केली. या सगळ्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. लाकूड, माती, लोखंड आणि रंग यांच्यामध्ये त्या लोकांनी भिंती घातल्या नव्हत्या. ज्या हातानं रंधा मारला त्याच हातानं चेहरा रंगवला. आज आपण मुलाला चित्रकलेची वही देतो आणि सांगतो, कला हीच.

शाळेत कलेचं काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकलेचा तास असतो, आणि परीक्षा जवळ आली की त्यावर गणित येऊन बसतं. आठवी-नववीच्या सुमाराला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, म्हणजे आपल्या बोलीत ग्रेड परीक्षा. त्यात वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या किती मुलांना चित्रकलेची वाट दाखवली आहे, ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण मातीला त्यात कागदाच्या चौकटीबाहेरची म्हणून जागाच नाही. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्याला गुण नाहीत त्याला तास नाही. कायद्याकडे बघावं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ निदेशक, म्हणजे तो विषय शिकवणारे, द्यायचे म्हटलंय, तेही शंभराच्या वर मुलं असतील तिथंच. नव्वद पोरांच्या शाळेतल्या मुलांचे हात काही वेगळे नसतात.

आता मे महिन्याचं बघा. मातीला सगळ्यात वाईट महिना कोणता, असं कुणालाही विचारा. मेमध्ये वस्तू वरून पटकन सुकते आणि आत ओलीच राहते. वरचं अंग आकसतं, आतलं आकसत नाही, आणि रात्रीत तडे जातात. मुलं सकाळी धावत येतात आणि हत्तीची सोंड पाटावर वेगळी पडलेली असते. आम्ही ओली पोती पांघरतो, सावलीत ठेवतो, तरी उन्हाळा तो उन्हाळाच. पावसाळ्यात याच्या उलट, आठ-आठ दिवस माती वाळत नाही. दिवाळीनंतरची थंडी मातीला मानवते. सावकाश, सारखी वाळते. मातीचा हंगाम थंडीत आणि आपला मातीचा वर्ग उन्हाळ्यात, कारण सुट्टी तेव्हा असते. विषय काय मागतो हे बघून वेळ ठरवायची पद्धतच आपण सोडली.

कुंभाराचंही तेच. बापट कॅम्प, शाहूपुरी, गंगावेस, पापाची तिकटी इथल्या कुंभारवाड्यांत मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गणपतीचं काम ऐन भरात असतं, घरातली सगळी माणसं, लेकीसुना, मुलं त्यात गुंतलेली. अशा वेळी कोण येणार शिबिरात शिकवायला? मग आम्ही चित्रकलेचे मास्तर पुस्तकात वाचलेली माती शिकवतो. मी हे स्वतःबद्दलही लिहितोय. कागदावरची रेषा मला कळते, पण मातीचा गोळा हातात घेऊन त्यात वाळू किती, ती भट्टीत टिकेल का, अजून किती मळायची, हे ज्याला नुसत्या अंगठ्याला कळतं असा माणूस गंगावेशीत बसलेला असताना मुलांना माझ्यापुढे बसवणं बरोबर नाही.

एकदा डिसेंबरात मी दहा-बारा मुलांना घेऊन एका कुंभाराच्या घरी गेलो होतो. म्हातारबाबांनी प्रत्येकाच्या हातात मुठीएवढी माती दिली आणि वाटी करायला सांगितली. चाक नाही, हत्यार नाही. एका पोरानं मधोमध भसकन अंगठा घातला आणि खालून आरपार काढला. बाबा हसले नाहीत, रागावले नाहीत. त्याचा हात आपल्या हातात धरून म्हणाले, "बाळ, अंगठा आत, बोटं भाईर. मधी माती किती ऱ्हायली ते बोटास्नी इचार, मला इचारू नगंस." पुढची वीस मिनिटं ते पोर डोळे मिटून वाटी दाबत होतं. मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो होतो, की बघा, नीट बघा. न बघताही कळायचा रस्ता असतो, हे मला त्या दिवशी उमगलं. तिथून निघताना बाबांनी सगळ्या वाट्या परत बादलीत टाकायला लावल्या. एक-दोघांचे डोळे भरून आले. उद्या हीच माती परत मळायची, असं सांगून त्यांनी बादलीवर फडकं टाकलं.

मातीचा हा गुण मुलांसाठी फार मोठा आहे. कागदावर चूक झाली की कागद फाडावा लागतो किंवा रबरानं मळवट भरावा लागतो. माती चुकली की गोळा होतो आणि परत सुरुवात. चुकीला किंमत नसली की मूल धाडस करतं. मी पाहिलंय, ज्या मुलांनी आठवडाभर माती हाताळलीय त्यांची चित्रंही बदलतात. घागर रंगवताना पूर्वी ती कडेनं काळी रेघ ओढून आत सपाट रंग भरायची. हातानं घागरीचं पोट फिरवून काढलेलं मूल थांबतं, उजेड कुठं वळतो ते शोधतं, सावलीच्या बाजूला रंग गडद करत नेतं. त्याला छाया-प्रकाशाचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

चित्राबद्दल थोडं, कारण तिथंही साचा आहेच, फक्त तो दिसत नाही. देखावा काढा म्हटलं की कोल्हापूरचं मूल दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नारळाचं झाड आणि कौलारू घर काढतं. आपल्याला इथून जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा दिसतो. त्यांचे माथे त्रिकोणी कुठं आहेत? पन्हाळा तर ताटासारखा पसरलेला. रंकाळ्यावर मुलांना बसवलं तर निम्मी मुलं समोर न बघताच निळा रंग पाण्यात कालवतात. मी त्यांना एवढंच सांगतो, की निळी बाटली आज बंद. मग कुणी हिरव्यात तपकिरी टाकतं, कुणाला काठाशी शेवाळी रंग सापडतो, कुणाला संध्याकाळी पाण्यावर गुलाबी दिसतं आणि ते ओरडून दुसऱ्याला दाखवतं. आबालालांना इथं उभं राहून जे दिसलं, त्याचा एक कण त्या पोराला दिसलेला असतो.

असो. मातीचं शिक्षण आपल्याकडे एकेकाळी सुट्टीत, फीशिवाय व्हायचंच, आणि तेही मास्तराशिवाय. दिवाळीचा किल्ला आठवा. गल्लीतली पोरं दगड, पोती, माती गोळा करायची, चिखल तुडवायची, अळीव पेरायची, बुरूज ढासळला की परत बांधायची. बेंदराचे बैल, नागपंचमीचा नाग, गौरी-गणपती, सगळं मातीचं आणि निम्मं घरच्या हातचं. आज किल्ला तयार मिळतो, प्लास्टरचा. 2025 साली पन्हाळ्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच वर्षी किती घरांत पोरांनी स्वतः चिखल तुडवून पन्हाळा केला, हा प्रश्न मला पेढ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. घरातून आणि गल्लीतून जे निघून गेलं ते शाळेनं उचलायचं असतं. वाचन-लेखन शाळेनं असंच उचललं होतं.

यावर लोक जे म्हणतात ते मी ऐकलंय. पहिलं, कपडे घाण होतात. होतात, धुता येतात. दुसरं, पैसा. एका मुलाला एका वेळी किलोभर माती पुरते. चाळीस मुलांच्या वर्गाला एक पोतं. न भाजलेली माती परत भिजते, परत मळता येते, वर्षभर तेच पोतं चालतं. रंगपेटीपेक्षा ती कितीतरी स्वस्त. शाडू बाहेरून आणायचा नसेल तर शेतातली चिकणमाती चाळून, खडे काढून, दोन दिवस भिजवून वापरता येते. खर्च आहे तो माणसाचा, आणि तो केलाच पाहिजे. कुंभाराला शाल-श्रीफळ देऊन फोटो काढायची पद्धत मला मान्य नाही. तासाचं मानधन, वेळेवर, बँकेत, जसं कुठल्याही निदेशकाला.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: कुंभाराकडे शिक्षकाची पदविका नाही, शाळेत मुलांसमोर त्याला उभं कसं करायचं? याचं उत्तर शासनानंच लिहून ठेवलंय. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायचे आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे जाऊन काम शिकायचं असं म्हटलंय. सुतार, माळी, कुंभार, कलावंत ही नावं त्यात स्पष्ट घातली आहेत. कुंभार हा शब्दच धोरणात आहे. कोल्हापुरात कुंभारवाडे आहेत. मग दप्तराविना दिवस भाषणं, घोषवाक्यं आणि सहलीत का घालवायचे? शाळेतला कलाशिक्षक सोबत असेलच; वर्ग सांभाळणं, लहान-मोठ्यांना वेगवेगळं काम देणं, हे त्याचं कसब. मातीचं कसब कुंभाराचं. दोघांची सांगड घातली की पदविकेचा प्रश्न उरत नाही.

कुणी असंही म्हणेल, की कुंभाराच्या पोरालाच आता त्या धंद्यात राहायचं नाही, मग इतरांच्या पोरांना कशाला त्यात ओढता? हे म्हणणारे बहुतेकदा कुंभारच असतात, आणि त्यामागचं दुःख मला कळतं. पिढ्यान्‌पिढ्या हाताला चिखल आणि मानाला वानवा. पण त्यांच्या पोरानं शाळेत आपल्या बापाला फळ्यापुढे उभं राहून शिकवताना पाहिलं, मुख्याध्यापक त्यांना 'सर' म्हणताना ऐकलं, तर त्या पोराच्या मनात काय होईल याचा विचार करा. धंद्यात यायचं की नाही ते त्यानं पुढे ठरवावं. बापाचं काम हलकं आहे असं समजून त्यानं ठरवू नये.

आणि मुलांना दाखवायला गावात काय नाही? पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945–46 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्या सातवाहनकाळातल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बघायला सगळे जातात. मी मुलांना भाजक्या मातीच्या वस्तूंपाशी आधी नेतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीच्या काठावर कुणीतरी माती मळली, बोटांनी दाबली, भट्टीत घातली. त्या दिवशी वाटी फोडून आलेलं पोर काचेला नाक लावून बघतं आणि विचारतं, "सर, ह्यांनी पण अंगठा आतनं घातला असंल?"

मागणी फार मोठी नाही. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीनं आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं या वर्षीचे दप्तराविना दिवस दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत ठेवावेत. प्रत्येक कुंभारवाड्याशी जवळच्या चार-पाच शाळा जोडून द्याव्यात. मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात नाव घालून करावी. शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवायचंच असेल तर वाळलेल्या, तडकलेल्या, बसलेल्या सगळ्या वस्तू मांडाव्यात आणि मुलांना त्यांच्याशेजारी उभं करून पालकांना सांगू द्यावं, की ही अशी का झाली. ती बैलवाली मुलगी आता सहावीत आहे. परवा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, मामाच्या गोठ्यात म्हैस व्यालीय, आणि रेडकू उभं राहताना आधी मागचे पाय उचलतं, पुढचे नाही. पुढच्या वेळेस ते करायचं म्हणाली. मी विचारलं, माती आहे का घरी? नाही म्हणाली.